काढता यावी, पण सुटू नये

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मला गाडीजवळ जाऊन पुन्हा तपासायचा होता. काल दोन गाड्यांची दारं नीट बघून आलो, आता लिहितो.

ज्यांनी मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कंटेनर बॉडीच्या, म्हणजे ट्रकवर पक्क्या बसवलेल्या बंद पत्र्याच्या डब्याच्या, मागच्या दारावर काढता-घालता येणारी जाहिरातीची फ्रेम कशी बसवतात, हे मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "दहा मिनिटांत बदलते म्हणून कौतुक करताय, पण मी रोज बाईकवर हायवेनं जातो. ही फ्रेम सुटली तर माझ्या अंगावर येणार. सरळ व्हिनाइलचा छापील स्टिकर चिकटवा आणि विषय संपवा. आणि ज्या ड्रायव्हरच्या पाठीमागे ही जाहिरात फिरते, त्याला एक पैसा मिळत नाही, तेही लिहा."

तुमची भीती खरी आहे. मी बसवलेली एक फ्रेम सुटता सुटता वाचली आहे, आणि ते मी गेल्या लेखातच सांगायला हवं होतं.

गाडी कोल्हापूरहून माल घेऊन पुण्याकडे येत होती. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर मागच्या टेम्पोवाल्यानं शेजारी येऊन हातानं खुणावलं. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. डाव्या दारावरच्या फ्रेमचा खालचा कोपरा वीतभर बाहेर आला होता. त्यानं ताडपत्रीच्या दोरीनं तो दार बंद करणाऱ्या उभ्या रॉडला आवळला आणि गाडी हळूहळू माझ्या शेडवर आणली. खालच्या सहा रिव्हेटपैकी, म्हणजे फ्रेम पत्र्याला जोडणाऱ्या ठोकळ खिळ्यांपैकी, दोन गायब होते. उरलेल्या चारांच्या डोक्याभोवती काळी गोल रिंगणं होती, पेन्सिलीची रेघ बोटानं पुसावी तशी. ॲल्युमिनियमचा रिव्हेट सैल झाला की तो पत्र्यावर घासत राहतो, त्याची बारीक पूड होते आणि ती काळी पडते. एवढी पूड जमायला बरेच दिवस लागतात. म्हणजे तो रिव्हेट इतके दिवस सांगत होता आणि बघणारं कुणी नव्हतं, कारण बघायला मी कुणाला सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती.

त्या दिवसानंतर माझी बसवण्याची पद्धत बदलली. का बदलली ते सांगतो, कारण बरेच फॅब्रिकेटर अजून जुन्याच पद्धतीनं बसवतात.

आपल्याला वाटतं की वारा फ्रेमला दाबतो. समोरच्या भागाला दाबतोच. ताशी ८० किलोमीटरला, म्हणजे मालवाहू गाडीच्या हायवेवरच्या कमाल वेगाला, समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला साधारण ३० किलोचा दाब देते. मागच्या दाराची गोष्ट वेगळी आहे. गाडी पुढे सरकते तशी तिच्या पाठीमागे पोकळी राहते आणि हवा तिथं भोवरे घेत घुसते. पावसाळा सोडून कधीही लांबून आलेल्या गाडीचं मागचं दार बघा, बाजूच्या पत्र्यापेक्षा तिथं धूळ जास्त बसलेली असते. ती याच भोवऱ्यांनी आणलेली. म्हणजे मागची फ्रेम ओढली जाते, बाहेरच्या बाजूला. ही ओढ समोरच्या दाबापेक्षा बरीच कमी, पण ती सारखी कमी-जास्त होत राहते, आणि समोरून बस किंवा ट्रेलर गेला की एकदम झटका बसतो.

आणि आपण फ्रेम बसवली की काय करतो? तळहातानं दोन-चार वेळा ढकलतो, हलत नाही, झालं. ढकलून काहीच कळत नाही. आता मी प्रत्येक कोपऱ्याला हुक घालून स्प्रिंगकाट्यानं बाहेर ओढून बघतो.

दुसरी गोष्ट रिव्हेटची. पत्र्याला समांतर येणाऱ्या जोराला रिव्हेट पक्का असतो, सरळ उपटणाऱ्या जोराला कच्चा. म्हणून फ्रेमचं वजन आणि वाऱ्याची ओढ दोन्ही रिव्हेटवर सोडायची नाहीत. मी दाराला वरच्या बाजूनं खाचेची पट्टी कायमची बसवतो आणि फ्रेमच्या पाठीला उलटी खाच. फ्रेम वरून खाली सरकवली की अडकते. पट्टी आरपार नटबोल्टनं, आतून चपटी प्लेट देऊन, भोकाला रबर वॉशर आणि सीलंट लावून. दाराला पडलेल्या भोकातून पाणी आत गेलं तर भिजलेल्या मालाची भरपाई गाडीमालकाच्या गळ्यात पडते, त्यामुळे इथं कंजुषी चालत नाही.

पण नुसती अडकवलेली फ्रेम स्पीडब्रेकरवर उडते. मागच्या चाकांच्याही पलीकडे दार असतं, गाडीचं शेपूट तिथं सगळ्यात जास्त आपटतं. म्हणून खाली पाव फेरी फिरवून बंद होणारी दोन लॉकं आणि ती आपोआप फिरू नयेत म्हणून त्यांत आर-क्लिप, म्हणजे वाकवलेल्या तारेची पिन. याउपर प्रत्येक फ्रेमला ३ मिलिमीटर जाडीची तारेची दोरी, जी फ्रेमच्या कुठल्याही लॉकला न बांधता थेट दाराच्या बिजागरीला बांधलेली. वरची खाच, खालची लॉकं, सगळं एकदम निकामी झालं तरी फ्रेम दाराला लोंबकळत राहील, रस्त्यावर येणार नाही. दादा, तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर ही तारेची दोरी आहे. गेल्या लेखात तिच्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती.

नटांवर मी पिवळ्या पेंटची एक रेघ ओढतो, अर्धी नटवर आणि अर्धी प्लेटवर. नट हलला की रेघ तुटते. ढाब्यावर उतरल्यावर ड्रायव्हर टायर ठोकून बघतोच, त्याच फेरीत मागे वळून चार रेघा बघायच्या. पान्याची गरज नाही.

आता व्हिनाइल. तुम्ही म्हणता तेवढं सोपं नाही, पण तुमचं म्हणणं चुकीचंही नाही. दार सपाट असेल, वर्षभर एकाच कंपनीचा माल वाहायचा असेल, तर मी स्वतःच व्हिनाइल सुचवतो. वजन नाही, सुटायचा प्रश्न नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक बॉड्यांच्या पत्र्याला पट्ट्या असतात, रिव्हेटची डोकी असतात. त्यावर व्हिनाइल ताणून बसत नाही, खाली हवा राहते, उन्हात फुगतं. दोन उन्हाळे तापलेलं व्हिनाइल काढायला गेलात तर ते नखाएवढ्या तुकड्यांनी निघतं. हीटगन लावावी लागते, गोंद मागे राहतो, कधी रंगही सोबत येतो. गाडी तेवढा वेळ उभी. ज्याची गाडी सणासुदीला एकाचा आणि पुढं दुसऱ्याचाच माल वाहते, त्याला हे परवडत नाही. असा मालक मग काय करतो? फ्लेक्सच्या कडेला आयलेट, म्हणजे धातूच्या कडीची भोकं, मारून सुतळीनं रॉडला बांधतो. हायवेवर एका कोपऱ्यावर फडफडणारे फ्लेक्स तुम्ही रोज बघत असाल, ते हेच. माझ्या फ्रेमची तुलना त्या सुतळीशी करा.

रॉडचा विषय निघालाच आहे तर, माझं जाहिरातदारांशी सगळ्यात जास्त भांडण यावरून होतं. त्यांना पूर्ण दार झाकणारं एकच मोठं चित्र हवं असतं. मी देत नाही. दोन दारं स्वतंत्र उघडतात, रॉड आणि हँडल मोकळे लागतात, सील बाहेरून दिसायला लागतं. म्हणून प्रत्येक दारावर वेगळी फ्रेम, दोन रॉडच्या मध्ये, आणि जाडीला रॉडपेक्षा खाली बसणारी. कारण माल उतरवताना दार पूर्ण फिरवून बॉडीच्या बाजूला टेकवतात. फ्रेम वर आलेली असेल तर पहिल्याच गोदामात ती चेपते, आणि सैल होण्याची सुरुवात तिथूनच होते. चित्र उभं आणि अरुंद होतं, डिझायनर नाराज होतात. होऊ देत.

कडेनं लावलेल्या लाल रिफ्लेक्टर पट्टीवर फ्रेमचा एक बोटही चढू देत नाही. रात्री तुमच्यासारख्या बाईकवाल्याला उभी गाडी कळते ती त्या पट्टीमुळे, फ्लेक्स कितीही रंगीत असला तरी अंधारात तो काळाच. बंदरातून येणाऱ्या शिपिंग कंटेनरला तर मी हातच लावत नाही. तो डबा गाडीमालकाचा नसतो, त्याच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा नंबर असतो, सुरक्षा प्लेट असते, ते झाकून चालत नाही. आणि कुठल्याही मालवाहू गाडीवर जाहिरात लावण्याआधी आरटीओची परवानगी बघा, हेही गेल्या वेळी राहिलं होतं.

ड्रायव्हरच्या पैशांबद्दल मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. फ्रेमवर नजर तो ठेवणार, चेपली तर बोलणी तो खाणार, पोलिसानं अडवलं तर उत्तर तो देणार. मग जाहिरातीच्या भाड्यात त्याचा वाटा का नको? गाडीमालक माझ्याकडे आले की मी आता हे तोंडावर सांगतो. काही जण देतात. काही हसून विषय बदलतात. मी जबरदस्ती करू शकत नाही, पण चार रेघा बघायचं काम ज्याच्याकडून घ्यायचं त्याला महिन्याला काही ठरवून द्या, एवढं कोटेशनच्या कागदावर मी लिहून देतो.

जुन्या लेखातलं "दहा मिनिटांत" हे वाक्य मी काढलं आहे. फ्लेक्स बदलायला तेवढाच वेळ लागतो, पण ओढून बघणं, तार तपासणं आणि रेघा पुन्हा मारणं धरलं तर दोन्ही दारांना पाऊण तास धरून चाला. तारेच्या दोरीचा फोटो उद्या टाकतो, बिजागरीला गाठ कुठं घेतली आहे ते त्यात नीट दिसेल.