ख्रिस पॉलचा लेकर्स ट्रेड मतदानाने पडला नव्हता

एक मेसेज फिरतोय : डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला लेकर्स संघ फक्त पाऊ गसोल हा खेळाडू देऊन न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्सच्या ख्रिस पॉलला घेत होता, पण एनबीएच्या बाकी संघमालकांनी मतदान करून तो ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) हाणून पाडला. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

तो ट्रेड तीन संघांचा होता. पॉल लेकर्सकडे, गसोल ह्यूस्टनकडे. आणि न्यू ऑर्लिन्सच्या हॉर्नेट्सना लमार ओडम, केव्हिन मार्टिन, लुईस स्कोला, गोरान ड्रॅगिच, शिवाय पहिल्या फेरीचा एक पिक (नवे खेळाडू निवडताना मिळणारी पाळी). म्हणजे लेकर्स गसोल आणि ओडम दोघांनाही सोडत होते. उंच खेळाडूंची फळीच रिकामी झाली असती, हे वाद घालताना हमखास विसरलं जातं.

मतदान झालंच नाही. क्लीव्हलंडचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी ईमेलमधून मतदानाची मागणी केली होती, तीवरूनच हा समज पसरला असावा. हॉर्नेट्स 2010 च्या डिसेंबरपासून लीगच्याच मालकीचे होते, त्यामुळे मालक म्हणून शेवटचा होकार लीगचे प्रमुख, कमिशनर डेव्हिड स्टर्न यांचा लागत होता. 8 डिसेंबर 2011 ला त्यांनी तो दिला नाही. कुठलाही मालक आपल्या जनरल मॅनेजरला, म्हणजे संघाचे ट्रेड ठरवणाऱ्याला, असं अडवू शकतो. मालक आणि कमिशनर एकच असणं, हा मात्र खरा हितसंबंधांचा पेच, आणि त्यावर टीका रास्तच आहे.

काही दिवसांतच पॉल क्लिपर्स या दुसऱ्या संघाकडे गेला. बदल्यात हॉर्नेट्सना एरिक गॉर्डन, ख्रिस केमन, अल-फरूक अमिनू आणि मिनेसोटाचा पिक.

मतदानाचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला तर ही माहिती तिथे टाका.