मास्तरांची 1 जून, टेक्सासची 1 सप्टेंबर

आज फेसबुक उघडलं तर वाढदिवसांची रांग. अर्थात, 1 जून! आपल्याकडची एक अख्खी पिढी मास्तरांच्या टेबलावर जन्मली आहे. "पोर कधीचं?" विचारलं की "भाताच्या लावणीतलं" एवढंच उत्तर यायचं, मग मास्तर शाळेत घेता येईल अशी तारीख ठोकून द्यायचे. माझे बाबा खरे दिवाळीनंतरचे. मास्तरांनी त्यांना पाचेक महिने आधीच जन्माला घातलं, त्यामुळे पुढे रिटायरही तेवढेच आधी झाले. ते दुःख अजून आहे त्यांना.

आठवायचं कारण आमचे चिरंजीव. 11 ऑगस्टला पाच पूर्ण. टेक्सासात 1 सप्टेंबरला पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, घेतात, म्हणजे हा तीन आठवड्यांनी आत. पण गेले दोन महिने जो भेटतो तो विचारतो, "होल्ड बॅक करताय ना?" मला आधी वाटलं, पोरात काही कमी दिसतंय की काय यांना! मग कळलं, ऑगस्टचा मुलगा आणि फुटबॉलवेडा (इथला, अंगावर धडकायचा अमेरिकन फुटबॉल) बाप असला की वर्षभर थांबवणं इथे बऱ्याच घरांत चालतं. शब्दही आहे, रेडशर्टिंग. तो कॉलेज फुटबॉलमधला. खेळाडूला वर्षभर सराव द्यायचा, सामन्यात फारसं उतरवायचं नाही, म्हणजे खेळायचं वर्ष शिल्लक राहतं.

हिशेब चोख आहे. शालेय स्पर्धांत 1 सप्टेंबरला 19 पूर्ण झालेली चालत नाहीत. आमच्याला आत्ता थांबवला तर बारावीच्या हंगामात, म्हणजे 2039 मध्ये, तो 18 वर्षं तीन आठवड्यांचा. बसला नियमात. पुढे आणखी एक वर्ष मागे ठेवला तर बाद. डाव एकच. आणि हे 2039 चं गणित लोक डेकेअरच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या करतात.

फायदा खोटा नाही. 1980 च्या दशकात रॉजर बार्न्सली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की वरच्या दर्जाच्या ज्युनिअर आइस हॉकी संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलंच जास्त. कारण वयोगट 1 जानेवारीपासून मोजायचे. दहाव्या वर्षी आठ-दहा महिन्यांनी मोठा मुलगा थोराड दिसतो, निवडला जातो, मग कोचही चांगला मिळतो आणि बर्फावर वेळही जास्त.

पण गंमत बघा. इथल्या मुलांच्या सॉकरच्या (आपल्याकडचा फुटबॉल) मोठ्या संघटना 2026–27 च्या हंगामापासून वयोगट 1 जानेवारीऐवजी 1 ऑगस्टपासून मोजणार आहेत. म्हणजे आमचा पोरगा वर्गात सगळ्यात लहान आणि सॉकरमध्ये जवळजवळ सगळ्यात मोठा. तोच पोरगा, तेच खरचटलेले गुडघे! तिथे जन्मतारीख बघतात, इयत्ता नाही, त्यामुळे शाळा लांबवून त्या मैदानावर काडीचा फायदा नाही.

नवऱ्याचं मन मात्र डळमळलं होतं. फ्लॅग फुटबॉलमध्ये (धडकायचं नाही, कमरेचा झेंडा ओढायचा) याच्या कमरेचा झेंड्यांचा पट्टा दोनदा गुंडाळूनही घसरतो. हा एका हाताने पट्टा धरून पळतो, दुसऱ्या हातात बॉल. नवरा म्हणाला, "एक वर्षाने हा पट्टा नीट बसेल." सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे बालवाडीत नापास?"

मला खटकलं ते वेगळंच. सरकारी शाळा फुकट, डेकेअरचं आणखी एक वर्ष फुकट नाही. ज्यांना ते परवडतं त्यांचे ऑगस्टवाले थांबतात. ज्यांना परवडत नाही त्यांचा ऑगस्टवाला पुढे नववीत वर्षाने मोठ्या मुलासमोर उभा राहतो. आणि तो फुटबॉल आहे, कॅरम नाही. ज्याची खरंच तयारी नाही, बोलणं उशिरा आलंय, त्याला थांबवा की. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण धडधाकट पोराला जागा अडवायला थांबवायचं?

आपण धुतल्या तांदळासारखे आहोत असं नाही. वय चोरणारे इतके निघाले की बीसीसीआयला मुलांच्या मनगटाचे एक्स-रे काढावे लागले. तरी मुंबईच्या मैदानांवर कौतुक असायचं ते "थोरल्यांत खेळतो" याचं. 1988 ला हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत कांबळीबरोबर 664 ची भागीदारी केली तेव्हा सचिन 14 चा होता. आमच्यात सचिन नाही, मला ठाऊक आहे. पण थोरल्यांत मार खात शिकणं हेही शिकणंच, असं मला आपलं वाटतं.

शुक्रवारी किंडरगार्टनचा फॉर्म भरला. आज बाबांना शुभेच्छा द्यायला फोन केला तेव्हा सांगितलं, तुमचा नातू वर्गात सगळ्यात लहान असणार.

"बरं झालं," म्हणाले. "पहिल्या बाकावर बसेल."