फुकट जाताय, वर टाइम पण पाहिजे व्हय?

काल संध्याकाळी बेळगावात गोवावेसच्या थांब्यावर एका कंडक्टरला विचारलं, येळ्ळूरची कधी आहे? बस दुसरीकडची होती, हा दारात उभा. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणतो, ‘फुकट जाताय की, वर टाइम पण पाहिजे व्हय?’ आणि शिट्टी मारून पसार! उत्तर ऐकायला तरी थांबायचं होतंस, भेकडा.

फुकट? ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत आम्हा बायकांना जे शून्य तिकीट मिळतं, त्याचे पैसे सरकार तुम्हाला भरतंय ना? ते काय आभाळातनं पडतात? आमच्याच करातले की. दर खेपेला गर्दीत एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं आधार कार्ड काढून दाखवते मी. आणि रोख तिकीट काढणारे काका शेजारीच उभे होते, त्यांना तरी कुठं ठाऊक होतं बस कधी ते?

थांब्यावर वेळापत्रक आहे म्हणे. असेल. त्याच्यावर कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा. या बॅनरवाल्यांना एकदा त्याच थांब्यावर तासभर उभं करायला पाहिजे. मी कोपरा उचलून बघितला. आत गंजका पत्रा, त्यावर ट्यूशनची जाहिरात, तीही अर्धी फाटलेली.

पाटी कन्नडात आहे म्हणून रडतेय असं कुणी समजू नका. अक्षरं वाचते, आकडेही वाचते. पण पाटी खरं बोलायला नको? जाताना येळ्ळूर, परत येतानाही येळ्ळूर. फिरवायचा कंटाळा! मग धावत जाऊन विचारायचं, तर ड्रायव्हर मान अशी हलवतो की हो म्हणाला का नाही ते त्यालाच माहीत. आणि आमचं बेळगाव २०१६ साली देशातल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांत!

हे सगळं मी मोठ्यानंच बोलत होते बहुतेक. कारण एक आजी जवळ आल्या, ‘बाई, वडगावची गेली काय ओ?’

‘मागनं हाय,’ मी ठणकावून सांगितलं. कशाच्या जोरावर, देव जाणे. मग आणखी दोघं आले, एक कॉलेजची पोरगी आली. बघता बघता मीच चौकशीची खिडकी झाले, आणि तिसऱ्यांदा तेच विचारणाऱ्या एकावर त्या खिडकीसारखीच खेकसलेसुद्धा.

येळ्ळूरची आली शेवटी. एकामागोमाग दोन. पहिलीत पाय ठेवायला जागा नाही. दुसरी रिकामी, ती थांबलीच नाही.