सोळा बाळांच्या निमित्ताने

बाळं समोरच्या माणसाकडून परकी भाषा टिपतात, पडद्यावरून नाही, असं दाखवणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. तिची सुरुवात "सोळा बाळांवरून जगभरच्या आयांना गुन्हेगार ठरवणं थांबवा" अशी, आणि शेवट "लिहिण्याआधी थोडं वाचत जा" असा. मधे तीन मुद्दे आहेत: प्रयोग 2003 चा, म्हणजे डीव्हीडीच्या जमान्यातला आहे, आजचा टॅब्लेट बाळाच्या बोटाला प्रतिसाद देतो, आणि तुमची मुलगी रंग नि आकडे व्हिडिओ बघूनच शिकली.

आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मतभेद असू द्या, पण ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाहीत ती वाचत नाही, हे परस्पर ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? "गुन्हेगार" हा शब्दही तुमचाच. माझ्या लेखात तो शोधून दाखवा. शीर्षक जरा भडक होतं, एवढं मान्य करते. ते बदललंय.

आता सोळा बाळं. हे वाक्य मला नेहमी ऐकावं लागतं, तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते.

सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांची, घरी इंग्रजी ऐकणारी बाळं घेतली. चार आठवड्यांत प्रत्येकी 25 मिनिटांची 12 सत्रं, म्हणजे सगळी मिळून पाच तास. मँडरिन, म्हणजे चिनी, बोलणारी व्यक्ती समोर बसून पुस्तकं वाचायची, खेळणी दाखवायची. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला हेच सगळं इंग्रजीतून. प्रत्येक गटात सोळा बाळं. कोणतं बाळ कोणत्या गटात जाईल हे यदृच्छेने ठरवलं होतं. मग चाचणी. एक ध्वनी सारखा वाजत राहतो, मधेच तो बदलतो, आणि बदल ओळखून बाळाने मान वळवली की डब्यातलं खेळणं उजळतं. बाळाला काही बोलावं लागत नाही की आईने त्याच्या वतीने सांगावं लागत नाही, आणि ती मान वळणं मला फार बोलकं वाटतं. मँडरिन ऐकलेल्या बाळांनी असे दोन ध्वनी वेगळे ओळखले, जे इंग्रजीत नाहीतच, आणि तेही जन्मापासून मँडरिन ऐकणाऱ्या तैवानी बाळांच्या तोडीने. पुढे दुसऱ्या बाळांना तेच साहित्य डीव्हीडीवर दाखवलं, काहींना नुसता आवाज ऐकवला. शिकणं शून्य.

गट लहान आहे म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही. लहान गटात बारीकसारीक फरक निसटतात, पण एवढा ढळढळीत फरक दिसतो. उलट मोठी संख्या म्हणजे काय, तेही बघा. 2007 मध्ये त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या संशोधकांनी हजारावर पालकांना फोनवर विचारून बाळांसाठीच्या व्हिडिओंचा आणि कमी शब्दसंग्रहाचा संबंध मांडला. केवढा गदारोळ झाला! असे व्हिडिओ विकणाऱ्या डिस्नीने तर तक्रारच केली. पुढे त्याच माहितीचं फेरविश्लेषण करणाऱ्यांनी निष्कर्षावर शंका घेतली. कारण फोनवरच्या पाहणीत काय कशामुळे झालं ते कळत नाही. मला विचाराल तर हजार फोनांपेक्षा नीट बांधलेली सोळा बाळं बरी. (आणि तुमच्या मुलीचा गट केवढा, हे मी विचारलेलं नाही.)

टॅब्लेटचं म्हणाल, तर 2018 मध्ये कूल यांच्याच प्रयोगशाळेने बाळांच्या हाती टचस्क्रीन दिली. पडद्याला हात लावला की व्हिडिओ सुरू. एकट्या बाळाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, शेजारी दुसरं बाळ असलं की चांगलं शिकलं. बाकी तुम्हीच वाचा. वाचायची सवय आहे म्हणता.

तुमच्या मुलीबद्दल मी काही बोलणार नाही, पण ज्युडी डीलोश यांचा 2010 चा अभ्यास आहे. 12 ते 18 महिन्यांच्या मुलांनी शब्द शिकवणारी लोकप्रिय डीव्हीडी महिनाभर घरी पाहिली. न पाहिलेल्यांपेक्षा ती जास्त शब्द शिकली नाहीत. ज्या पालकांना ती डीव्हीडी आवडली, त्यांना मात्र मूल खूप शिकलं असं वाटत होतं.

मी पाळणाघर चालवलंय, ते काही पुस्तक वाचून नव्हे. दोन वर्षांचा एक मुलगा ए ते झेड अख्खी इंग्रजी मुळाक्षरं पडद्यावरच्या सुरात, हेल न चुकता म्हणायचा. तहान लागली की मात्र माझा हात धरून नळाकडे ओढत न्यायचा. "पाणी" हा शब्द तो आमच्याकडे, बाकीच्या पोरांच्या गोंगाटात शिकला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मला कुणी आकडे शिकवू नयेत.

व्हिडिओ कॉलवर आजीशी बोलणं यात येत नाही, समोरचं माणूस उत्तर देतं. ते मूळ लेखातही होतं, तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. तुमची प्रतिक्रिया ठेवली आहे. पुढचीत "वाचत जा" आलं तर उडवेन.