पाच अधिक एक, एक्कावन्न!

परत तेच! फॉर्ममध्ये कुणीतरी ५ टाकलं, मी त्यात १ मिळवला आणि स्क्रीनवर आलं ५१. वजाबाकी केली की मात्र शहाण्यासारखं ४ देते ही जावास्क्रिप्ट, वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा. अधिकचं चिन्ह दिसलं की नुसती अक्षरं चिकटवायची हौस! इनपुटमधून स्ट्रिंगच येते, म्हणजे आकडासुद्धा नुसता मजकूर म्हणून, माहितीये हो मला. पण रात्री साडेअकराला बिलात १०० अधिक १८ चे १००१८ झाल्यावर त्या माहितीचं काय लोणचं घालू? नंबरमध्ये बदलावं, तर रिकामा रकाना गुपचूप शून्य होतो. एरर नाही, काही नाही! आणि नलचा (null, म्हणजे ‘इथे काहीच नाही’) टाइप, म्हणजे प्रकार, विचारला तर म्हणे ऑब्जेक्ट, म्हणजे चक्क वस्तू. पहिल्यापासूनची चूक, पण सुधारली तर जुन्या वेबसाइट मोडतील म्हणे. मोडू देत की एकदाच्या!