‘१००० वॅटची हब मोटर बसवा आणि विसरा’? मामा, जरा थांबा!

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून मामांचा परवा फोन. एका पायाला लहानपणापासून पोलिओ, पण द्राक्षबागेची चक्कर रोज स्वतः मारायचीच हा हट्ट. ‘ते पाठवलंय ते बघ, मोटर मागवून टाकतो,’ म्हणाले. बघितलं. हाच मेसेज त्या आठवड्यात चौथ्यांदा आला होता. मजकूर थोडक्यात असा: अपंगांच्या तीनचाकीच्या पुढच्या चाकात १००० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी, चाक थेट फिरवणारी मोटर) बसवा, गिअर नको, ब्रेकची चिंता नको, कसारा घाटही चढते, डायनॅमो लावला की चार्जिंगची कटकट नाही, लायसन्स तर लागतच नाही.

मी नाशिकच्या अंबडला मोटरी रिवाइंड करतो, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. जळलेल्या वार्निशचा वास ज्याच्या नाकात कायमचा बसलाय, त्याला तरी हे सांगू नका.

डायनॅमोचं एका वाक्यात संपवतो: तो फिरवायची ताकद बॅटरीच देते, वर थोडी वाया जाते. पुढे.

आता वॅट. मामांच्या घरापासून विहिरीकडे जाणारी वाट सहा फुटांना एक फूट चढते, त्यांनी फळी आणि दोरी धरून मोजली. माणूस, गाडी, बॅटरी मिळून १५० किलो धरा. चढ मागे खेचतो २५ किलोच्या ओढीने, पावसाळी चिखल आणखी दहा-बारा किलोने. वीस इंची चाकाला त्यासाठी साधारण ९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, लागतो. वेग चालण्याचा, ताशी ५ किलोमीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला जेमतेम ५३ फेरे. टॉर्क आणि फेऱ्यांचा हिशेब केला तर साधारण ५०० वॅट येतात. म्हणजे १००० वॅट भरपूर झाले, असं वाटतं ना? गंमत इथेच आहे. ती मोटर तिचे १००० वॅट मिनिटाला ४०० फेऱ्यांना देत असेल, तर तिथे तिचा टॉर्क २४ च भरतो, आणि त्या फेऱ्यांना गाडी ताशी ३८ ने पळत असते. मामांना बागेत ३८ ने कुठे जायचंय? चढावर तिच्याकडून पावणेचार पट टॉर्क मागितला की करंट जवळपास तेवढ्याच पट वाढतो आणि तारेतली उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे चौदा पट. कंट्रोलरने, म्हणजे मोटरला करंट मोजून देणाऱ्या डब्याने, करंट अडवला तर गाडी जागेवर उभी. नाही अडवला तर मोटर माझ्याकडे.

गिअरने हेच उलटं होतं. मिनिटाला २६५० फेरे फिरणारी साधी मोटर ५० पट रिडक्शनमधून, म्हणजे फेरे ५० पट कमी करणाऱ्या गिअरमधून, चाकाला जोडली, की गिअरमधली घट धरूनही मोटरवर दोन-अडीच न्यूटन मीटरचाच भार येतो. ई-रिक्षाचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा डबा, याच तत्त्वावर ओझं ओढतो.

कसारा घाटाचं म्हणाल तर डांबरी रस्त्यावर, वेगात, हब मोटर चढेलही. गंगापूर रोडला भाजी आणायला मीही तीच सुचवीन. आवाज नाही, चेनमध्ये चिखल नाही. हे मान्य.

पण पुढच्या चाकात? चढावर वजन मागच्या दोन चाकांवर जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि चिखलात जागेवर गरगर फिरतं.

आणि ‘ब्रेकची चिंता नको’ हे ज्याने लिहिलं, त्याला मी मामांच्या उतारावर, विहिरीच्या बाजूला तोंड करून बसवणार आहे. वीज गेलेली साधी हब मोटर गाडी धरून ठेवत नाही. आत फ्रीव्हील असलेली तर उतारावर चाक मोकळंच सोडते. पाय टेकून गाडी थांबवणं ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी हा मेसेज आहे, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तरी आलं का? इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या मोटरीला मागे विद्युतचुंबकीय ब्रेक असतो. करंट आला की सुटतो, करंट गेला की आपोआप लागतो. बॅटरी संपली, वायर तुटली, हात सुटला, तरी गाडी जागेवर. मामांच्या गाडीला हाच हवा, शिवाय मागच्या चाकांना हाताचा वेगळा ब्रेक.

राहिलं लायसन्स. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये बॅटरीच्या गाडीची व्याख्या आहे, ती वाचा. सूट आहे, पण मोटरची ‘तीस मिनिटांची पॉवर’ २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा, आणि तेही मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेलं. १००० वॅटची यात कुठे बसते? शब्दही बघा, तीस मिनिटांची पॉवर. मोटर न जळता अर्धा तास किती देते, ते सरकार विचारतं. पत्र्यावर काय छापलंय ते नाही. मामांची गाडी बागेतच फिरणार म्हणून त्यांचं निभावेल. रस्त्यावर आणणाऱ्याने आधी आरटीओत विचारावं.

मामांना सांगितलंय, विकणाऱ्याला दोनच प्रश्न करा: चाकावर सलग अर्धा तास किती न्यूटन मीटर मिळतो, आणि वायर काढली तर ब्रेक लागतो का? काल त्यांनी विचारलं. तिकडून उत्तर आलं, ‘काका, फुल पॉवर आहे!’ मामांनी फोन ठेवला.