पुंगळ्यांचा हिशेब

रोज रात्री साडेआठला आमच्या हॉलमध्ये गोळीबार सुरू होतो. शिपाई एकच, वय वर्षं तेरा, सोफ्यावर आडवा. मोबाईलवरचा तो खेळ तुम्हालाही माहीत असेल: विमानातून उडी मारायची, ओसाड घरांतून बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. त्याहून मोठा आवाज वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा असतो. त्रास सुरू झाला मे महिन्यात, सासरे आमच्याकडे पाषाणला मुक्कामाला आले तेव्हा.

अप्पांची अख्खी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली. कारखाना १८६९ सालचा, आणि अप्पा त्याबद्दल बोलतात ते ऐकून वाटतं, पहिल्या दिवशीही गेटवर हेच होते. त्यातली बरीच वर्षं त्यांनी बंदुकीच्या गोळीची पितळी पुंगळी, म्हणजे दारू भरायची आणि गोळी सुटल्यावर रिकामी बाहेर पडणारी नळी, हातात घेऊन, उजेडात फिरवून, तिच्यात खोट काढण्यात घालवली. आता निवृत्तीनंतर ते आंबे तसेच बघतात.

पहिल्याच रात्री ते नातवाच्या मागे येऊन उभे राहिले.

"ही कुठली?"

"एकेएम रायफल, आजोबा."

"गोळी?"

"सेव्हन पॉइंट सिक्स टू."

"पुढे?"

"पुढे काय?"

"अरे, ७.६२ बाय ३९! ७.६२ ही गोळीची जाडी आणि ३९ मिलिमीटर ही पुंगळीची लांबी. तुझ्या खेळानं पुंगळी नावातूनच कापली की!"

इथपर्यंत ठीक होतं. पण दहा मिनिटांनी चिरंजीवांना एसएलआर सापडली आणि त्यांनी त्याच ढिगातल्या गोळ्या तिच्यात भरल्या. अप्पा खुर्चीतून उठलेच. एसएलआर म्हणजे आपल्या सैन्यानं वर्षानुवर्षं वापरलेली रायफल. तिची गोळी ७.६२ बाय ५१. पुंगळी बारा मिलिमीटरनं लांब! खेळात मात्र दोन्हींना एकच गोळी चालते. "उद्या स्कूटरची चावी बुलेटला लाव म्हणावं," अप्पा म्हणाले आणि पाणी मागितलं.

मग रोजच सुरू झालं. एकेएमची गोळी साधारण सोळा ग्रॅमची, म्हणजे तीनशे गोळ्यांचे पाच किलो. वर पाठीवर दोन रायफली, आणि तो गडी नदी पोहून जातो. "मंडईतून पाच किलो कांदे आण बरं चालत," असं अप्पा नातवाला म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते. त्या खेळात कढई पाठीला बांधली की तिच्यावर गोळ्या अडतात, हे कळल्यावर सासूबाईंनी आमचा बिडाचा तवा वरच्या फळीवर ठेवला.

सगळ्यात मोठा घोटाळा मॅगझिनचा, म्हणजे रायफलीला लावायच्या गोळ्यांच्या डबीचा. मॅगझिन तीस गोळ्यांचं. मिनिटाला सहाशेच्या वेगानं ते तीन सेकंदांत रिकामं होतं. आमचा शिपाई बारा शिल्लक असतानाच मॅगझिन बदलतो आणि त्या बारा आपोआप खिशात परत येतात. खऱ्या जगात त्या जुन्या मॅगझिनमध्येच राहतात आणि रिकामं मॅगझिन एकेक गोळी अंगठ्यानं दाबून भरावं लागतं. अप्पांचा उजवा अंगठा हे सांगताना नुसता हवेत दाबत होता.

खोटं कशाला बोला, एका गोष्टीला त्यांनी मान डोलावली. लांबचा माणूस टिपताना गोळी वाटेत खाली झुकते, ते खेळात बरोबर दाखवलंय. "कुणीतरी अभ्यास केलाय," असं म्हणून ते लगेच पुढच्या मुद्द्यावर आले: आपली देशी रायफल इन्सास कुठाय? तिचं डिझाइन आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे शस्त्रांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत झालं. गोळी ५.५६ बाय ४५, मॅगझिन वीस गोळ्यांचं. तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांना लग्नाला बोलवायचं राहून जावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, अप्पा, एनसीसीत मीही गोळ्या झाडल्यात.

.२२ची रायफल, पंचवीस यार्डांवर कागद, प्रत्येकी पाच गोळ्या. फायरिंग संपल्यावर उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, पुंगळ्या मोजल्या. एक कमी. पुन्हा मोजल्या. एक कमीच. "खोखा मिले बिना कोई नहीं जाएगा." मग सत्तर पोरं एका रांगेत गुडघ्यांवर, वाळक्या गवतात बोटं घालत. .२२ची पुंगळी असते दीड सेंटिमीटर, बॉलपेनच्या टोपणाहूनही बारीक. गवतात कुसळं सापडली, विड्यांची थोटकं सापडली, कुणाचं तरी शर्टाचं बटण सापडलं. दोन तासांनी घाम पुसायला मी दुमडलेली बाही उलगडली आणि पितळेचा तो तुकडा टुणकन माझ्याच बुटावर पडला. सत्तर पोरांनी तेव्हा माझ्याकडे जसं बघितलं, तसं बघणं कुठल्याही खेळाला अजून जमलेलं नाही.

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. "पण सापडली ना?"

"सापडली."

"मग झालं." अठरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा आपल्या वाटीतली आंब्याची फोड माझ्या वाटीत टाकली.

ती गोष्ट सांगायला नको होती, हे काल कळलं. खेळात चारच जण उरले होते. चिरंजीव एका झाडामागे दबा धरून बसलेले.

"जरा खाली बघ," अप्पा म्हणाले. "तुझ्या पायाशी किती पडल्यात?"

त्यानं बिचाऱ्यानं खाली बघितलं. स्पीकरवरून मित्र ओरडायला लागले, "अरे काय करतोयस? कव्हर दे ना!"

"थांबा रे, आजोबा पुंगळ्या मोजतायत."

पुढच्या क्षणी तो मेला. अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"सतरा झाडल्या," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि जावईबापू, जागेवर एकही नाही."